इन्स्पेक्शन लाइनवर काम तेच, पण बायकांना दरमहा १,८५० रुपये कमी: दावा कसा मांडायचा?

लाइन_तीन

नमस्कार. प्रश्न चाकणजवळच्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा आहे. फायनल इन्स्पेक्शन आणि पॅकिंगच्या लाइनवर १४ बायका आणि ९ पुरुष आहेत. काम सगळ्यांचं सारखंच: गो-नो-गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणारं साधन) लावून बोअर म्हणजे आतलं भोक तपासायचा, व्हर्नियरने लांबी घ्यायची, बर (कडेला राहिलेला धातूचा बारीक कंगोरा), डेंट, गंज डोळ्यांनी बघायचा, खराब पीस टॅग लावून लाल बिनमध्ये टाकायचा, चांगला माल मोजून पॅक करायचा आणि तासातासाला रिपोर्ट भरायचा. नेमणूकपत्रात मात्र पुरुषांचं पद 'ज्युनिअर ऑपरेटर', वर्ग अर्धकुशल. बायकांचं पद 'हेल्पर', वर्ग अकुशल. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दरमहा १,८५० रुपयांचा फरक पडतो आणि तो तीन वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

तोंडी विचारल्यावर एचआरकडून तीन उत्तरं मिळाली. पुरुष रात्रपाळी करतात, भरलेले बिन उचलतात आणि त्यांच्यातले काही आयटीआय झालेले आहेत. शिवाय हे दोन वेगळे दर युनियनबरोबरच्या करारातच आहेत, त्यामुळे आता काही होणार नाही, असंही सांगितलं. १४ जणींपैकी ३ ठेकेदाराच्या पटावर आहेत.

करारावर सही झालेली असताना दावा टिकतो का? पुरावा कोणता गोळा करायचा? अर्ज कुठे आणि किती रकमेचा करायचा?

कलम_तीन

ताई, करारापासून सुरू करते, कारण बहुतेक जणी तिथेच थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या मुंबईच्या प्रकरणात हा मुद्दा निकाली काढला आहे. तिथे साहेबांच्या हाताखालच्या महिला स्टेनोग्राफरना 'कॉन्फिडेन्शियल' असं वेगळं नाव देऊन पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार दिला जात होता, आणि कंपनी युनियनबरोबरच्या कराराकडे बोट दाखवत होती. न्यायालयाने सांगितलं की करार झाला म्हणून कायद्याने दिलेला समान वेतनाचा हक्क जात नाही, आणि कंपनीला परवडत नाही हेही कारण चालत नाही. कामं तंतोतंत एकसारखी असण्याची गरज नाही, साधारण सारख्या स्वरूपाची असली की पुरे, आणि बारीकसारीक फरकांवर दावा फेटाळायचा नाही, हेही त्याच निकालात आहे. निकालाची प्रत अर्जाला जोडा.

आता कायदा कोणता. समान वेतन कायदा १९७६ चा. तो वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावला गेला आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तुमचा फरक दोन्ही काळांत पसरलेला आहे. म्हणून अर्जात त्या तारखेपूर्वीच्या महिन्यांसाठी १९७६ च्या कायद्याचं कलम ४ आणि नंतरच्या महिन्यांसाठी संहितेचं कलम ३, दोन्ही लिहा. एकच लिहिलंत तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढा तांत्रिक मुद्दा धरून बसेल.

संहितेत 'सारखं काम' ठरवताना चार गोष्टी बघतात: कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी. कामाची परिस्थितीही सारखी हवी. पदाचं नाव या यादीत नाही. त्यामुळे 'हेल्पर' आणि 'ऑपरेटर' या शब्दांवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, कामावर बोला. 'अनुभव' हा शब्द मात्र तुमच्या विरुद्ध वापरला जाऊ शकतो. दहा वर्षं जुन्या पुरुषाशी दोन वर्षं जुन्या बाईची तुलना केलीत तर कंपनी तो फरक वार्षिक वाढीचा आहे म्हणेल, आणि ते बरोबरही ठरेल. प्रत्येकीसाठी साधारण त्याच वर्षी रुजू झालेला, आयटीआय नसलेला एक पुरुष निवडा. असा एक जरी सापडला तरी आयटीआयचा मुद्दा तिथेच संपतो, कारण त्यालाही जास्त दर मिळतोच आहे.

संहितेत आणखी एक तरतूद आहे, ती पुरुष सहकाऱ्यांना आधीच सांगा: दर समान करण्यासाठी मालकाला कुणाचाही पगार कमी करता येत नाही. 'बायकांनी केस केली तर आपले पैसे कापतील' ही भीती लाइनवर मुद्दाम पसरवली जाते आणि साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही.

पगारपत्रक

रकमेचं मी सांगतो. अर्जात 'फरक मिळावा' एवढंच लिहिणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. प्रत्येकीचा महिनावार तक्ता हवा.

फरक १,८५० रुपये. कारखान्यात घरभाडे भत्ता मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ५ टक्के असेल तर त्यावर ९२ रुपये ५० पैसे. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणून तासाचा फरक काढा: १,८५० भागिले २६ दिवस भागिले ८ तास, म्हणजे ८ रुपये ८९ पैसे, त्याची दुप्पट १७ रुपये ७९ पैसे. महिन्याला २० तास ओटी धरला तर साधारण ३५५ रुपये ७७ पैसे. तिन्ही मिळून २,२९८ रुपये २७ पैसे. ३६ महिन्यांचे ८२,७३७ रुपये, आणि १४ जणींचे ११ लाख ५८ हजारांच्या वर. ओटीचे तास प्रत्येकीचे वेगळे असणार, सरासरी लावू नका, पंचिंगचे खरे तास घ्या. बिनपगारी रजेचे दिवसही वजा करा (दिवसाला ७१ रुपये १५ पैसे). आकडा एका ठिकाणी फुगलेला निघाला की सगळ्या तक्त्यावरचा विश्वास उडतो.

घरभाडे आणि ओटी यात धरायचे का, यावर कंपनी वाद घालेल. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून हे भत्ते एरवी वगळलेले आहेत, पण त्याच व्याख्येच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, लिहिलंय की समान वेतनाच्या बाबतीत प्रवासभत्ता, घरभाडे भत्ता, निवाड्याने किंवा तडजोडीने ठरलेली रक्कम आणि ओव्हरटाइम हे चारही धरायचे. ते परंतुक अर्जात शब्दशः उतरवा.

पीएफचा वेगळा रकाना करा. कंपनीची १२ टक्के वर्गणी, म्हणजे १,८५० वर महिन्याला २२२ रुपये, ३६ महिन्यांचे ७,९९२. मात्र पीएफची वेतनमर्यादा १५,००० रुपयांची आहे. फरक मिळवल्यावर पगार त्यापुढे जात असेल आणि कंपनी मर्यादेपर्यंतच वर्गणी भरत असेल, तर रक्कम तेवढी कमी होईल. ग्रॅच्युइटीत दर वर्षाच्या नोकरीमागे १,८५० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे १,०६७ रुपये जातात. ही रक्कम आज मागता येत नाही, पण नोकरी सोडताना कमी दरावर हिशोब होऊ नये म्हणून दर सुधारून घेणं किती गरजेचं आहे ते यावरून कळतं. ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) प्रसूती लाभाचंही तसंच. तो सरासरी दैनिक वेतनावर २६ आठवडे, म्हणजे १८२ दिवस मिळतो. दिवसाला ६१ ते ७१ रुपये कमी म्हटलं तर एका बाळंतपणात अकरा ते तेरा हजार रुपये बुडतात. हा तोटा कुणीच हिशोबात धरत नाही, आणि खरं तर ज्या वेळी पैशांची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळचा तो तोटा आहे.

कागद: स्वतःच्या पगाराच्या स्लिपा, बँकेच्या नोंदी, आणि पीएफ पासबुक. पासबुकात दर महिन्याला कोणत्या वेतनावर वर्गणी भरली तो आकडा असतो. स्लिप आणि पासबुक यांत फरक दिसला तर तो वेगळा मुद्दा म्हणून नोंदवा.

लाइन_तीन

दोघांचेही आभार. रुजू तारखा जुळवून पाहिल्या. आयटीआय नसलेले दोन पुरुष सापडले, दोघेही आमच्यातल्या पाच जणींच्याच वर्षी लागलेले. रात्रपाळी आणि बिन उचलण्याचं काय करायचं? बायकांना रात्रपाळी कंपनीच देत नाही. बिन साधारण १८ किलोचा भरतो. आणि पुरुषांच्या स्लिपा मिळवायच्या कशा?

गेज_आणि_टॅग

क्वालिटीच्या बाजूने सांगतो, कारण तुमचा सर्वांत चांगला पुरावा एचआरच्या कपाटात नसून लाइनच्या बोर्डावर लावलेला असतो.

वाहन उद्योगातल्या बहुतेक कारखान्यांत आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) च्या ऑडिटसाठी स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, ठेवतात. आडवे स्टेशन, उभी नावं आणि प्रत्येक चौकोनात चार भागांचं वर्तुळ. पाव भरलं म्हणजे शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली, पाऊण म्हणजे स्वतंत्रपणे, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. बायकांची वर्तुळं पाऊण किंवा पूर्ण भरलेली असतील, तर त्या कुणाच्या देखरेखीशिवाय काम करतात हे कंपनीनेच स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं आहे. 'अकुशल' म्हणजे फारसं शिक्षण-प्रशिक्षण न लागणारं साधं काम. गेज वापरून पीस घ्यायचा की टाकायचा हे स्वतः ठरवणारी, व्हर्नियरचं माप लिहून खाली सही करणारी व्यक्ती त्या व्याख्येत कशी बसेल? आणि नवा मुलगा लागला की त्याला तीन-चार दिवस कुणाजवळ उभं करतात तेही बघा. ट्रेनिंग रेकॉर्डवर शिकवणारी म्हणून 'हेल्पर' बाईची सही असेल, तर त्याहून मोठा पुरावा नाही.

दुसरा कागद म्हणजे माणूस बदलाची नोंद, लाइनवर जिला फोर-एम शीट म्हणतात ती. एखादा पुरुष गैरहजर असेल तर त्या दिवशी त्या स्टेशनवर कोण उभं होतं, हे त्यात लिहिलेलं असतं. 'ज्युनिअर ऑपरेटर'च्या जागी 'हेल्पर' उभी राहिली आणि त्या पाळीत रिजेक्शन वाढलं नाही, अशा दहा-बारा तारखा मिळाल्या की कामं सारखी नाहीत असं म्हणणं अवघड होतं. तिसरा कागद तासाचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, सह्यांसकट.

पण एक गोष्ट कळकळीने सांगतो: या कागदांचे मोबाइलवर फोटो काढू नका. बऱ्याच ठिकाणी शॉप फ्लोअरवर कॅमेऱ्याला बंदी असते, आणि फोटोत चुकून ग्राहकाचं ड्रॉइंग आलं तर गोपनीयतेच्या नावाखाली कंपनीकडून शिस्तभंगाची चार्जशीट मिळते. मूळ विषय बाजूला पडतो. त्याऐवजी घरी एका वहीत तारीख, पाळी, कागदाचं नाव, त्याचा फॉरमॅट क्रमांक आणि तो कुठे लावलेला असतो हे लिहून ठेवा. दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याला दस्तऐवज हजर करायला लावण्याचा अधिकार असतो. कागदाचं नेमकं नाव आणि क्रमांक मागणीत असला की 'असं काही आमच्याकडे नाही' म्हणता येत नाही. पुरुषांच्या स्लिपांचंही तेच. कुणी स्वखुशीने दिली तर त्याच्या चार ओळींच्या सहीच्या पत्रासह घ्या. नाही दिली तर पगाराचं रजिस्टर हजर करण्याची मागणी करा. कुणाच्या कॉम्प्युटरवरून काही घेऊ नका.

रात्रपाळी आणि वजन, दोन्हींना एकच कसोटी लावा. ज्या महिन्यात एखाद्या पुरुषाने एकही रात्रपाळी केली नाही, त्या महिन्यात त्याचा मूळ पगार कमी झाला का? नाही ना, मग १,८५० रुपये रात्रपाळीचे नाहीत. रात्रपाळीचा भत्ता वेगळ्या ओळीत दाखवावा आणि जितक्या रात्री केल्या तितक्याच रात्रींचा द्यावा, त्याला कुणाची हरकत नाही. शिवाय संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर बायकांना रात्री काम करता येतं. कंपनीनेच ती संधी द्यायची नाही आणि वर तेच कारण पुढे करायचं, हे चालणार नाही. ज्या जणींची रात्रपाळीला तयारी आहे त्यांनी तसं लेखी देऊन ठेवावं.

बिनच्या बाबतीत एक आठवडा मोजणी करा: पाळीत किती वेळा उचलला, कुणी उचलला, ट्रॉली किंवा हँड पॅलेट होती का. साधारणपणे असं दिसतं की नऊपैकी दोघंच उचलतात आणि उरलेले सात न उचलता तोच पगार घेतात. त्या सातांशी तुलना करा. आणि श्रम म्हणजे नुसतं वजन नव्हे. आठ तास भिंगाखाली बारीक बर शोधणं हाही श्रमच आहे. ते स्टेशन पुरुषांना किती वेळा मिळतं, तेही त्याच वहीत लिहा.

बोनस_ते_ग्रॅच्युइटी

वाटा दोन आहेत: वेतनाचा दावा आणि तक्रार निवारण समिती. कलम_तीन यांनी दुसरीचा उल्लेख केला नाही म्हणून लिहितो.

वीस किंवा अधिक कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहितेनुसार तक्रार निवारण समिती असायलाच हवी. तिच्यात मालक आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी असतात, आणि कारखान्यात महिलांचं प्रमाण जितकं, निदान तितक्या महिला समितीत लागतात. आधी तिथे लेखी अर्ज द्या. ३० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. तो पटला नाही किंवा आलाच नाही, तर युनियनमार्फत ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) जाता येतं. समेटाची कार्यवाही चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या विरुद्ध बदलता येत नाहीत. बदली आणि बडतर्फीच्या धमक्यांवर हे संरक्षण कामी येतं.

कलम_तीन

समितीला माझी हरकत नाही, पण तिच्यासाठी वेतनाचा दावा थांबवून ठेवू नका. वेतन संहितेच्या कलम ४५ खालचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि तुमचा फरक त्याहून जुना आहे. उशीर झाला की दर महिन्याला मागचा एक महिना गळतो. १४ जणींच्या हिशोबात एक महिना म्हणजे ३२ हजारांच्या वर. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या.

कलम ४५ खाली सगळ्यांचा मिळून एक अर्ज चालतो. कामगार स्वतः करू शकते, ती सभासद असलेली नोंदणीकृत युनियन करू शकते किंवा निरीक्षक. युनियनने करारावर सही केली असेल तर तिचा प्रतिनिधी अवघडलेला असतो, म्हणून अर्ज स्वतःच्या नावाने करा आणि युनियनकडून पाठिंब्याचं पत्र मागा. मूळ रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. ती मागितलीच नाही तर सहसा मिळत नाही, तेव्हा प्रार्थनेत, म्हणजे अर्जाच्या शेवटच्या मागण्यांत, स्पष्ट लिहा. कमी पगार दिल्याच्या दाव्यात देय रक्कम दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते (कलम ५९). काम सारखं आहे हे दाखवायचं ओझं मात्र व्यवहारात तुमच्यावरच येतं, म्हणून ती वही. आदेशानंतरही पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते.

अर्ज पुण्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात. जास्तीची प्रत नेऊन तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसती सही पुरत नाही. वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

ठेकेदाराच्या तिघींना याच अर्जात घालण्याआधी थांबा. कलम ३ 'एकाच मालकाकडे' असलेल्यांची तुलना करतं. त्यांचा मालक कागदावर ठेकेदार आहे, त्यामुळे कंपनीच्या पटावरच्या पुरुषाशी तुलना केली की पहिला आक्षेप तोच येणार. त्याच ठेकेदाराकडे जास्त दराने काम करणारा पुरुष असेल तर त्याच्याशी तुलना करून वेगळा अर्ज करा आणि कंपनीला दुसरी प्रतिवादी करा. तसा कुणी नसेल, तर काम बघता त्यांना अर्धकुशलचं किमान वेतन तरी मिळतंय का ते तपासा. किमान वेतनातल्या विशेष भत्त्याचे नवे दर १ जानेवारी आणि १ जुलैपासून लागतात. या तिघींमुळे उरलेल्या अकरा जणींचा दावा लांबता कामा नये.

बोनस_ते_ग्रॅच्युइटी

मान्य, दोन्ही एकत्र द्या. आणखी तीन गोष्टी.

रागाच्या भरात सगळ्यांनी एकदम रजा टाकू नका. पन्नास टक्के किंवा अधिक कामगारांची ठरवून घेतलेली किरकोळ रजा आता संप धरली जाते, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. नोटीस नसेल तर तो बेकायदा ठरतो.

अर्ज गेल्यावर 'माझी काही तक्रार नाही' असे छापील कागद एकेकीला केबिनमध्ये बोलावून पुढे करतात. प्रत हातात दिल्याशिवाय सही करायची नाही, आणि शक्यतो घरी वाचून उद्या सांगते म्हणायचं. जबरदस्तीने सही घेतली तर त्याच दिवशी कामगार कार्यालयाला स्पीड पोस्टाने तसं कळवा. दोन दिवसांनी कळवलेल्याला तेवढं वजन राहत नाही.

आणि तडजोडीची बोलणी सुरू झाली की कंपनी बहुधा एकरकमी आकडा देऊ करते, 'पूर्ण व अंतिम' या शब्दांसह. मसुद्यात तीन वेगळी कलमं हवीत: मागची थकबाकी महिनावार तक्त्यासह, पुढचा दर आणि तो लागू होण्याची तारीख, आणि नेमणूकपत्रातला वर्ग 'अकुशल'वरून 'अर्धकुशल' केल्याचं प्रत्येकीच्या नावाचं पत्र. तिसरं कलम राहून गेलं तर पुढच्या करारात तेच दोन दर परत येतात.

लाइन_तीन

वही आजपासून सुरू केली आहे. पंचिंगचे तास आणि स्किल मॅट्रिक्सचा फॉरमॅट क्रमांक लिहून घेतला. अकरा जणींचा तक्ता झाला की नावं काढून इथे टाकते, आकडे तपासून द्या.

पगारपत्रक

टाका. ओटीचा रकाना महिनावार वेगळा ठेवा, आणि ज्या महिन्यात वार्षिक वाढ लागली तिथे फरक १,८५० च राहिला की बदलला ते मूळ स्लिपवरून बघा. बहुतेक तक्ते तिथेच चुकतात.